पानिपत हे नुसते गावाचे नाव होते तेव्हा

‘पानिपत’ हा शब्द मराठीत आता गावाचे नाव राहिलेला नाही. निवडणुकीत पक्ष आपटला की त्याचे पानिपत होते, वर्गच्या वर्ग नापास झाला की वर्गाचे पानिपत होते. ‘भाऊगर्दी’ हा शब्दही त्याच रणातून आला. मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्या फौजेची उडालेली दाणादाण हा त्याचा मूळ अर्थ, आणि आज तो लग्नघरातल्या किंवा इच्छुक उमेदवारांच्या झुंबडीला लावला जातो. भाषेने आपला निकाल असा कायमचा देऊन ठेवला आहे. शब्द तोंडातून निघाला की शेवट आधी समोर येतो आणि मग मागचे सारे त्या शेवटाकडे उतरत जाणारी पायवाट वाटू लागते. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी हे असे नव्हते. दिल्लीच्या उत्तरेला, यमुनेच्या पश्चिमेकडचे ते एक जुने गाव होते. १५२६ आणि १५५६ च्या लढायांमुळे त्याला इतिहास होता, पण मराठ्यांचा सर्वनाश हा त्या नावाचा अर्थ नव्हता. अडीच महिने तिथे खंदक खणून बसलेल्या माणसांच्या लेखी पानिपत म्हणजे एक तळ होता आणि पुढे काय होणार हे त्यांच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. ऐतिहासिक कादंबरी भूतकाळाची समज वाढवते का, या जुन्या वादात माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. इतिहास आपल्याला गतकाळातल्या माणसांचे ज्ञान देतो. कादंबरीला, ती खरोखर चांगली असेल तर, त्यांचे अज्ञान परत आणता येते. आणि ते अज्ञान परत आणल्याशिवाय त्यांची कृती कळत नाही, असे मला म्हणायचे आहे.

अज्ञानाला असे महत्त्व देणे विचित्र वाटेल, म्हणून आधी इतिहासाचे वाक्य कसे बनते ते पाहू. अमेरिकी तत्त्वज्ञ आर्थर डान्टो यांनी १९६५ साली इतिहासाच्या तत्त्वज्ञानावर लिहिलेल्या ग्रंथात एक साधे दिसणारे उदाहरण घेतले आहे. तीस वर्षांचे युद्ध १६१८ साली सुरू झाले, हे वाक्य १६१८ साली कोणीही उच्चारू शकला नसता. त्या वर्षी प्राग शहरात जे घडले ते डोळ्यांनी पाहणाऱ्यालाही ते वाक्य सुचले नसते, कारण ते युद्ध तीस वर्षे चालणार हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. इतिहासकाराची बहुतेक महत्त्वाची वाक्ये या जातीची असतात. ती एका घटनेचे वर्णन तिच्या नंतर घडलेल्या दुसऱ्या घटनेच्या उजेडात करतात. १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले आणि ‘पानिपतच्या शोकांतिकेची नांदी झाली’ असे आपण लिहितो, तेव्हा आपण हेच करत असतो. दत्ताजींच्या बाजूला लढणाऱ्या शिपायाला तिथे नांदी दिसली नाही. त्याला धुके, पाणथळ जागा आणि पडलेला सरदार दिसला. यात इतिहासकाराचे काही चुकते असे नाही. मागाहून पाहणे हेच त्याचे बळ आहे आणि त्याशिवाय घटनांचा अर्थ लागणार नाही. पण या बळाची एक किंमत आहे. अर्थ लागला की शक्यता मावळतात. जे झाले ते व्हायचेच होते, असे वाटू लागते.

या किमतीवर पहिला उतारा म्हणजे अस्सल पत्रे, हे खरे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या काळातल्या पत्रव्यवहाराचा. त्या पत्रांमधून धान्य, पैसा, वैरण, नदीचा उतार, कोण आपल्याकडे येईल आणि कोण जाईल, याचीच घालमेल सतत पुढे येते. भाऊसाहेब गोविंदपंत बुंदेल्यांना पुन्हा पुन्हा निकड लावतात की अब्दालीची रसद तोडा, ऐवज पाठवा. पत्र लिहिणाऱ्याला पुढच्या पत्राचा मजकूर ठाऊक नसतो, म्हणून पत्रात काळ अजून उघडा असतो. मग कादंबरी कशाला हवी? यासाठी की, पत्र वाचणारा मात्र आपण असतो आणि आपल्याला सगळे ठाऊक असते. गोविंदपंतांना धाडलेला तगादा वाचताना, डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेले हे आपल्या मनात आधीच असते आणि तगादा करुण वाटू लागतो. लिहिताना तो करुण नव्हता, तो हिशेबी होता, कदाचित रागाचाही होता. शिवाय पत्रात सगळे येत नाही. दोघांनाही माहीत असलेली गोष्ट पत्रात लिहीत नाहीत आणि ज्या भीतीचा उच्चार नको ती तर मुळीच लिहीत नाहीत. दोन पत्रांच्या मधले दिवस पत्रात नसतात. ते दिवस कोणीतरी काढलेले असतात. ‘नोव्हेंबर ते जानेवारी मराठ्यांची उपासमार झाली’ हे वाक्य वाचायला तीन सेकंद लागतात. कादंबरीकार तीच गोष्ट दीडशे पानांत सांगतो, आणि हा फरक केवळ विस्ताराचा नाही. त्या दीडशे पानांत वाचक वाट पाहतो. उद्या रसद येईल, परवा बुंदेल्यांचे स्वार दिसतील, तहाचे बोलणे जमेल, अब्दालीचे सरदार कंटाळून घरी जाऊ म्हणतील, या प्रत्येक आशेवर तो थोडा थोडा टेकतो. वाट पाहणे ही त्या माणसांची खरी अवस्था होती, आणि ती कळायला थोडी तरी वाट आपणही पाहावी लागते.

याचा नैतिक निवाड्याशी थेट संबंध आहे, आणि प्रश्न तात्त्विक होतो तो इथे. नानासाहेब पेशव्यांचे उदाहरण घ्यावे. चुलतभाऊ भाऊसाहेब आणि स्वतःचा मुलगा विश्वासराव उत्तरेत कोंडले गेले असताना, डिसेंबर १७६० मध्ये पैठणला नानासाहेबांनी दुसरे लग्न केले. पुढचे तीन आठवडे ज्याला माहीत आहेत त्याला हे वाचून चीड येते, आणि शाळकरी इतिहासापासून व्याख्यानांपर्यंत त्या चिडीवरच नानासाहेबांचा निकाल लागत आला आहे. आता त्यांचे अज्ञान त्यांना परत द्या. पानिपतच्या तळाची डाक तुटली होती, खबर येत नव्हती, आली तर शिळी येत होती. ज्या फौजेने ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला ती हरेल असे मानायला सबळ कारण नव्हते. मुलगा महिनाभरात मरणार आहे हे ठाऊक असून लग्नाला बसलेला बाप, असे जे चित्र आपल्या मनात नकळत उभे राहते, ते खोटे आहे. तसा माणूस तिथे नव्हता. पण म्हणून नानासाहेब निर्दोष ठरतात का? मला तसे वाटत नाही. अज्ञान परत दिल्याने दोष पुसला जात नाही, तो आपल्या खऱ्या जागी सरकतो. भविष्य ठाऊक नसणे हा दोष नव्हे. खबर का येत नाही याचा कासाविशीने शोध न घेणे, डाक तुटली हीच सर्वांत मोठी खबर आहे हे न ओळखणे, हा दोष असू शकतो. पहिला आरोप माणसावर अन्याय करतो, दुसरा त्याला माणूस मानून जाब विचारतो. ‘समजून घेणे म्हणजे माफ करणे’ अशी जी भीती ललित लेखनाविषयी नेहमी दाखवली जाते तिचे उत्तर मला इथे सापडते. समजून घेतल्यावरच कोणत्या गोष्टीसाठी माफ करायचे नाही हे कळते.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. गीता कर्म आणि फळ यांची फारकत करते, ती करणाऱ्यासाठी. पण तीच फारकत निवाडा करणाऱ्यालाही लागू करून पाहण्यासारखी आहे. फळावरून कर्माला नाव ठेवणे ही आपली सर्वांची खोड आहे. जिंकला तो धोरणी, हरला तो हटवादी. आणि गीता ज्या चौकटीत सांगितली आहे ती चौकट तर या संदर्भात विलक्षण आहे. महाभारताच्या भीष्मपर्वात संजय रणातून परत येतो आणि धृतराष्ट्राला पहिली बातमी देतो ती भीष्म पडल्याची. दहा दिवसांचे युद्ध होऊन गेलेले आहे. मग राजा विचारतो, हे झाले कसे, आणि संजय मागे जाऊन पहिल्या दिवसापासून सांगू लागतो. गीता त्या सांगण्यात येते. म्हणजे ऐकणाऱ्याला भीष्म पडल्याचे आधीच कळले आहे आणि रथात बसलेल्या अर्जुनाला मात्र पितामहांवर बाण सोडावा की न सोडावा हेच कळत नाही. व्यासांना हा क्रम उलटा लावता आला असता, त्यांनी तो लावला नाही. शेवट सांगून टाकल्यावर उरते ती निर्णयाची घडी, आणि महाकाव्याला तीच हवी आहे. अर्जुनाच्या संशयाची किंमत तो निकालाच्या अलीकडे उभा आहे यातच आहे. ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाचे आसन मला धृतराष्ट्राच्या त्या आसनासारखे वाटते. त्याला शेवट माहीत आहे आणि तरीही तो विचारतो आहे की हे झाले कसे.

‘शेवट माहीत असलेल्या वाचकाला अज्ञान परत कसे देणार?’ हा आक्षेप इथेच निघतो आणि त्याचे उत्तरही इथेच आहे. हरिश्चंद्राचे आख्यान लावणाऱ्या बुवांसमोर बसलेल्या एकाही श्रोत्याला शेवट नवा नसतो. तरी रोहिदासाचे प्रेत घेऊन तारामती स्मशानात येते तेव्हा मंडपात सन्नाटा पसरतो. माणसाचे मन एकाच वेळी दोन काळांत बसू शकते, माहीत असणाऱ्याच्या आणि माहीत नसणाऱ्याच्या. ही दुहेरी बैठक हाच कथनाचा धर्म आहे, आणि गतकाळ नीट कळण्यासाठी तीच लागते. फक्त आतून पाहिले तर अर्थ लागत नाही, फक्त बाहेरून पाहिले तर माणूस दिसत नाही. डान्टो यांचे म्हणणे असे होते की भूतकाळ साक्षीदारासारखा पाहणे हे इतिहासाचे ध्येयच नव्हे, आणि इतिहासापुरते ते मला मान्य आहे. समजुतीला मात्र तेवढे पुरत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ कॉलिंगवूड यांनी तर इतिहासालाच ही अट घातली होती. ब्रूटसने सीझरला का भोसकले असे इतिहासकार विचारतो तेव्हा त्याचा खरा प्रश्न, भोसकताना ब्रूटसच्या मनात काय होते, हा असतो, असे ते म्हणत. कादंबरीकार आणि इतिहासकार यांच्या कल्पनाशक्तीत त्यांना जातीचा भेद दिसला नाही. भेद दिसला तो बंधनात. इतिहासकाराचे चित्र खऱ्या स्थळकाळात बसले पाहिजे, इतर ज्ञात इतिहासाशी जुळले पाहिजे आणि पुराव्याला उत्तरदायी असले पाहिजे.

आता मोठा आक्षेप. तो कोणा कोरड्या संशोधकाचा नाही, ऐतिहासिक कादंबरीच्या एका श्रेष्ठ लेखकाचा आहे. आलेस्सांद्रो मांझोनी यांनी ‘वाग्दत्त वर-वधू’ या अर्थाच्या नावाची आपली कादंबरी १८२७ साली प्रसिद्ध केली. सतराव्या शतकातले मिलान, १६३० ची प्लेगची साथ, साथ मुद्दाम पसरवल्याच्या संशयावरून माणसांचे गेलेले बळी, हे सारे तिच्यात आहे. त्या एका पुस्तकाने आधुनिक इटालियन गद्य घडवले. आणि याच मांझोनींनी पुढे १८५० साली प्रबंध लिहून सांगितले की हा वाङ्मयप्रकारच मुळात अशक्य आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. वाचक विचारतो, यातले खरे कोणते आणि रचलेले कोणते? लेखकाने ते दाखवून दिले तर कलाकृतीचा एकजीवपणा मोडतो, न दाखवले तर वाचकाची फसवणूक होते. या दोन शिंगांमधून वाट नाही. मला हा आक्षेप आजवर झालेल्या सर्व आक्षेपांत प्रामाणिक वाटतो आणि त्याला अर्धे उत्तर देण्यात अर्थ नाही. माझे उत्तर असे की, मांझोनी विधानांचा खरेपणा मोजत होते. हे घडले, हे घडले नाही, अशी विधाने कादंबरीतून काढून तपासली तर ती नक्कीच भेसळ ठरेल. पण कादंबरी जे देते ते विधान नव्हे. ती एका प्रसंगाची रचना देते. कोणाला काय ठाऊक होते, काय ठाऊक असणे शक्य नव्हते, कोणत्या वाटा उघड्या होत्या आणि कोणती किंमत कोणत्या किमतीशी तोलली जात होती, हे ती मांडते. एखादा संवाद कल्पित असूनही ही रचना खरी असू शकते, आणि प्रत्येक तारीख बरोबर असूनही ती खोटी असू शकते. खुद्द मांझोनींची कादंबरी याची साक्ष आहे. साथीत शहर वेडे कसे होत जाते, साथ आहे हे आधी कोणी मानायला तयार नसते आणि मानल्यावर लगेच गुन्हेगार कसा शोधला जातो, हे त्यांनी आतून दाखवले. त्यांचा प्रबंध वाचूनही मी त्यांच्या कादंबरीच्याच बाजूने उभा आहे.

मराठी वाचकाला तर ही सरमिसळ नवी नाही, कारण आपली बखर ती कधीपासून करत आली आहे. बुराडी घाटावर जखमी दत्ताजींनी दिलेले, प्रत्येक मराठी मुलाला पाठ असलेले ते उत्तर आपल्याकडे बखरीच्या वाटेने आले. बखरकाराला ते कोणी सांगितले असेल? शत्रूच्या घेऱ्यात झालेले बोलणे पुण्यापर्यंत शब्दशः पोचणे कठीण. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीझने निदान कबुली दिली होती की सगळी भाषणे शब्दशः आठवणे शक्य नव्हते, म्हणून त्या त्या प्रसंगी जे बोलणे योग्य ठरले असते ते त्याने वक्त्यांच्या तोंडी घातले. बखरकार अशी कबुली देत नाही. तरी ‘भाऊसाहेबांची बखर’ आपण टाकून देत नाही, आणि देऊ नये. तिच्यातल्या तारखा आणि आकडे पत्रांवर तपासावे लागतात, पण पराभवानंतर लोकांना काय वाटले, कोणावर राग होता, कोणाचा अभिमान होता, हे तिच्याइतके दुसरे काही सांगत नाही.

मात्र अज्ञान परत आणणे ही कसोटी मानली तर ती आपल्याच बऱ्याच लाडक्या कादंबऱ्यांवर उलटते, आणि तसे झाले तर होऊ द्यावे. हरी नारायण आपट्यांच्या ‘उषःकाल’चे नावच घ्या. शिवकालाच्या आरंभीची ती कथा. त्या काळात वावरणाऱ्या कोणालाही हा उषःकाल आहे हे कळणे शक्य नव्हते. ते डान्टो यांच्या जातीचे वाक्य आहे, फक्त एका शब्दात मावलेले. आपट्यांची थोरवी याने उणावत नाही. त्यांच्या वाचकांना पारतंत्र्यात त्या शब्दाची भूक होती. पण पुढे अनेकांनी ते नाव म्हणजेच पद्धत मानली. पात्रे अशी बोलू लागली की जणू आपले पुतळे चौकाचौकांत उभे राहणार आहेत हे त्यांना कळले आहे. मावळा राष्ट्राविषयी बोलू लागला, आई जन्मलेल्या बाळाकडे पाहून शतकभराचे भविष्य सांगू लागली. हे भूतकाळाचे ज्ञान नव्हे, आपलाच आवाज दरीवर आदळून परत आलेला आहे. आणि त्याने केवळ कला बिघडते असे नाही. ज्याला आपला विजय आधीच ठाऊक आहे त्याच्या धैर्याला काय किंमत? राजगडावरून पुरंदरच्या तहाला निघालेल्या शिवाजी महाराजांना १६७४ चा राज्याभिषेक ठाऊक असल्यासारखे लिहिणारा लेखक त्यांचे गुणगान करत नाही, त्यांच्याकडून त्यांचा सर्वांत मोठा पराक्रम काढून घेतो. तेवीस किल्ले देऊन टाकताना पुढे अंधार होता. अंधारात टाकलेले पाऊल होते म्हणूनच ते पाऊल मोठे.

रणजित देसायांच्या ‘स्वामी’वर (१९६२) संशोधक नेहमी हरकत घेत आले की माधवराव आणि रमाबाई यांच्या सहवासाचे एवढे हळुवार चित्र काढायला कागदपत्रांचा आधार नाही. हरकत बरोबर आहे. लोक आज त्या कादंबरीतल्या रमेलाच इतिहासातली रमा समजतात हेही खरे, आणि हा धोका मी लहान मानत नाही. लेखकाने शिवण दिसू द्यावी, पुस्तकाच्या शेवटी का होईना हे सापडले आणि हे मी रचले असे सांगावे, ही अपेक्षा आता तरी रूढ व्हायला हवी. माझी स्वतःची हरकत मात्र थोडी वेगळी आहे. हळुवारपणा कल्पित आहे म्हणून तो खटकत नाही. राजयक्ष्म्याने सत्ताविसाव्या वर्षी, १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला होणारा मृत्यू आणि त्यामागचे सहगमन यांची सावली ‘स्वामी’त फार लवकर पडते, हे खटकते. तरुण पेशवा एवढ्या अवधीत काय काय करू पाहत होता, त्याला आयुष्य लांब वाटत असलेली वर्षे कशी होती, ते या सावलीत झाकले जाते. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ने (१९८८) याच्या उलट बाजूने मोठे काम केले. भाऊसाहेब म्हणजे गर्विष्ठ, हट्टी, कोणाचे न ऐकणारा, असा घराघरांत पोचलेला निकाल त्या कादंबरीने पुन्हा सुनावणीला घेतला. तिच्यात भाऊंची बाजू घेतलेली आहे, आणि ठिकठिकाणी ती जास्तच घेतली आहे. पण एका पिढीला, आपण तिथे असतो तर काय केले असते, हा प्रश्न तिने पडू दिला. तो पडल्यावर काहीजण शेजवलकरांच्या पानिपतावरील ग्रंथाकडे वळले, काशीराजाच्या वृत्तांताकडे वळले. कल्पनेने प्रश्न तयार करावा आणि पुराव्याने त्याचे उत्तर द्यावे, ही देवघेव निरोगी आहे.

काशीराजाचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट. हा दक्षिणी माणूस शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, शत्रूच्या बाजूने त्याने सारे पाहिले आणि सुमारे वीस वर्षांनी फारसीत लिहून काढले. लढाईच्या आधी उपाशी शिपाई भाऊंकडे गेले आणि असे कुढत मरण्यापेक्षा एकदाचे शत्रूवर तुटून पडू द्या म्हणाले, हे त्याने नोंदवले आहे. शिपाई तरी त्याच्या वृत्तांतात आले. फौजेबरोबर गेलेले बुणगे, यात्रेच्या निमित्ताने निघालेल्या बाया, ओझी वाहणारे, दळणारे, जनावरांमागे चालणारे, यांची पत्रे राजवाड्यांच्या खंडात नाहीत, कारण त्यांनी पत्रे लिहिली नाहीत. दफ्तर हे लिहिणाऱ्यांचे असते. या माणसांना आवाज कोण देणार? इथे आक्षेप येतो की ज्यांनी काहीच मागे ठेवले नाही त्यांच्या तोंडी आपले शब्द घालणे हा दुसरा अन्याय आहे. होय, तो धोका आहे, आणि आजकालच्या पुष्कळ पुस्तकांत दलित किंवा स्त्री पात्र आजचे भाषण करते तेव्हा तो अन्याय होतोही. पण गप्प राहणे हाही काही तटस्थपणा नव्हे. गप्प राहिल्याने ती माणसे नव्हतीच असे विधान आपोआप होते. नंदा खरे यांनी ‘अंताजीची बखर’ (१९९७) लिहिली तेव्हा त्यांनी निवेदक घेतला तो बारीकसा, खबरी पोचवणारा, कोणत्याच निर्णयात हात नसलेला माणूस. बंगालच्या स्वाऱ्यांपासून पानिपतापर्यंत तो जिथे तिथे असतो आणि त्याला नेहमी थोडेच दिसते. मोठ्या घटनेच्या काठावर उभे राहून थोडेच दिसणे, ही बहुसंख्य माणसांची इतिहासातली अवस्था आहे. ती कोणत्याही दफ्तरात नोंदली जात नाही, आणि ती अचूक मांडायला खरे यांना एका अंताजीला जन्म द्यावा लागला.

या साऱ्याची परीक्षा पाहायची तर पानिपतानंतरची पंधरा वर्षे पाहावीत. नर्मदेकडे येत असलेल्या पेशव्यांच्या हाती पडलेल्या सावकारी पत्रात पराभव सांगितला होता तो मोती, मोहरा आणि नाण्यांच्या भाषेत. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव हे कळत होते, आणि तरी मोती म्हणजे मोती असेही म्हणता येत होते. भाऊंचे प्रेत ओळखून दहन केल्याचे काशीराज सांगतो, पण पुण्याने ते डोळ्यांनी पाहिले नव्हते. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई रणातून जिवंत परतल्या आणि त्यांनी वैधव्य पत्करले नाही. आणि मग एक माणूस आला, मीच भाऊ म्हणू लागला. त्याला धरून चौकशा झाल्या, कैदेत टाकले गेले. १७७६ साली तो रत्नागिरीतून सुटला, कोकणातले किल्ले आणि हजारो माणसे त्याच्यामागे गेली, शेवटी तो आंगऱ्यांच्या हाती सापडला आणि पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. सुखनिधान नावाचा उत्तरेकडचा ब्राह्मण, असे चौकशीत ठरले. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर नाटक लिहिले, त्याचे नाव ‘तोतयाचे बंड’. आपल्याला हे प्रकरण याच नावाने ठाऊक आहे आणि नावातच निकाल आहे. कोकणातल्या एखाद्या किल्लेदाराला तो तोतया आहे की नाही हाच तर प्रश्न होता. बारभाईंचे राज्य डळमळीत, राघोबादादा इंग्रजांच्या गोटात, खरा वारस अंगावर पिणारे पोर, आणि समोर उभा असलेला माणूस म्हणतो की मी पानिपताहून परत आलो. त्याच्यामागे जाणारे सगळे मूर्ख किंवा लबाड होते असे मानणे सोपे आहे. थोडे त्या किल्ल्याच्या दारात उभे राहून पाहिले, आपल्याला जे माहीत आहे ते क्षणभर बाजूला ठेवले, की पंधरा वर्षे न विझलेली आशा हेसुद्धा एक राजकीय बळ होते हे दिसू लागते.

पार्वतीबाई १७८३ पर्यंत जगल्या. बावीस वर्षे. त्या रोज सकाळी कुंकू लावत राहिल्या, आणि शनिवारवाड्यातल्या कोणाला ते करुण वाटले असेल, कोणाला ते वेड वाटले असेल, कोणाला अडचणीचे वाटले असेल. तोतयाच्या चौकशीच्या दिवसांत त्यांच्या मनाचे काय झाले असेल याचा एकही कागद नाही. आपण त्यांच्याविषयी लिहायला बसलो की हात आपोआप लिहून जातो : पतीच्या मृत्यूनंतर त्या बावीस वर्षे जगल्या. वाक्यात एकही चूक नाही, आणि त्यांनी जगलेल्या एकाही दिवसाचे ते वर्णन नाही. त्यांच्या दिवसांत पतीचा मृत्यू नव्हता, पतीची बातमी यायची होती. एखाद्या कादंबरीकाराने पार्वतीबाई लिहायला घेतल्या तर त्याला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच गोष्ट सांभाळावी लागेल. दारात हालचाल झाली की त्या मान वर करून पाहतील, आणि लेखकाला त्यांच्याबरोबर पाहावे लागेल, कोण आले आहे ते ठाऊक नसल्यासारखे.